पोरात वाव आहे!

आमच्या गावच्या कबड्डी संघाची पुनर्बांधणी माझ्याकडे कशी आली, याची गावात दोन कारणं सांगतात. एक, मी पतसंस्थेतून नुकताच निवृत्त होऊन रिकामा बसलो होतो. दुसरं, मंडळाच्या बैठकीला मी उशिरा पोचलो आणि तोवर बाकीच्यांनी आपापलं अंग काढून घेतलं होतं. तिसरं कारणही आहे, ते म्हणजे माझा अभ्यास. पण ते फक्त मीच सांगतो.

गाव प्रवरेच्या काठचं, उसाच्या पट्ट्यातलं. एके काळी आमचा संघ जत्रेच्या मैदानात उतरला की पाहुण्या संघातले निम्मे खेळाडू आधीच लंगडायला लागायचे. पुढे संघाला नजर लागली ती यशाचीच. दोघं पोलिसात लागले, एक एसआरपीत गेला, एकाला चाकणला कंपनीत काम मिळालं, एक सुप्याच्या एमआयडीसीत रात्रपाळी करतो. आमच्याकडे कबड्डीचा चांगला खेळाडू वयाच्या पंचविशीनंतरही गावात दिसला, तर लोक त्याच्या खेळाचं कौतुक करत नाहीत. ‘भरतीत कुठं अडकलं?’ असं विचारतात. तर असे सगळे मार्गी लागले आणि मागे उरले ते मार्गी न लागलेले. त्यांच्या जिवावर आम्ही जत्रेत उतरलो, आणि शेजारच्या गावानं आमच्यावर तीन लोण चढवले. तिसऱ्या लोणानंतर समालोचकानं माईकवर आमच्या गावाच्या पाणीपुरवठा योजनेची माहिती द्यायला सुरुवात केली. खेळाबद्दल बोलण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

आता माझ्या अभ्यासाबद्दल. माझा भाचा अमेरिकेत डॅलसला असतो. त्यानं मला बास्केटबॉलचा नाद लावला. तिकडचे रात्रीचे सामने आपल्याकडे पहाटे सुरू होतात, आणि निवृत्त माणसाला त्या वेळी जाग आलेलीच असते. मी आयुष्यात कधी बास्केटबॉल हातात धरलेला नाही. पण कर्ज न काढता कर्जाची प्रकरणं मंजूर करण्यात माझी नोकरी गेली असल्यामुळे त्याचं मला काही विशेष वाटलं नाही.

पारावर मी विषय काढला. म्हटलं, पडलेला संघ उभा कसा करायचा याचं अमेरिकेत शास्त्र आहे. एनबीए नावाची लीग आहे, तिथं दर वर्षी नव्या पोरांची वाटणी होते, तिला ड्राफ्ट म्हणतात. जे संघ खाली राहिले त्यांना पोरं आधी उचलायची संधी.

“म्हंजी हारणाराला पयला मान?” तात्यांनी विचारलं. तात्या आमचे जुने कोपरारक्षक. वय सत्तरीचं, गुडघे त्याहून जुने.

“अगदी तळाच्यालाच मिळेल असं नाही. चिठ्ठ्या काढतात. २०१९ ला तळाच्या तिन्ही संघांना पहिल्या नंबरासाठी सारखीच, १४ टक्के संधी ठेवली. म्हणजे कोणी मुद्दाम हरू नये.”

“मुद्दाम हारत्यात?”

मग मी फिलाडेल्फियाची कथा लावली. त्यांच्या सॅम हिंकी नावाच्या व्यवस्थापकानं चांगले खेळाडू देऊन टाकले, वर्षानुवर्षं तळ गाठला आणि उंच पोरं गोळा करायचा सपाटा लावला. २०१५-१६ ला त्यांनी ८२ सामन्यांतले १० जिंकले. लोकांनी त्याची देवाच्या खालोखाल पूजा केली आणि मालकांनी त्याच्यावर दुसरा माणूस आणून बसवला, तेव्हा त्यानं राजीनामा दिला.

“आन मग कप?”

“कप नाही अजून. शेवटचा १९८३ ला.”

तात्या थोडा वेळ तंबाखू मळत बसले. “म्हंजी आपल्यावानीच झालं की भाऊसाहेब. निस्तं त्यान्ला ते पैसे घालून करावं लागलं.”

पण मी हटलो नाही. मी त्यांना १९८४ चं प्रकरण सांगितलं, आणि ते मी फार रंगवून सांगतो. पोर्टलंडचा संघ दुसऱ्या नंबरावर निवडणार होता. समोर मायकेल जॉर्डन नावाचा पोरगा उभा. पण पोर्टलंडवाले म्हणाले, त्या जागेवर खेळायला आमच्याकडे क्लाइड ड्रेक्सलर आहे, आम्हाला उंच माणूस पाहिजे. म्हणून त्यांनी सात फूट एक इंचाचा सॅम बोवी उचलला. बोवीचे पाय पुन्हा पुन्हा मोडत राहिले. तिसऱ्या नंबरावर शिकागोनं जॉर्डन उचलला आणि सहा विजेतेपदं घेतली. “धडा काय?” मी आवाज चढवून विचारलं. “जागा बघून पोरगं घ्यायचं नाही! पोरगं बघून जागा करायची! उंचीला भुलायचं नाही!”

हे शब्द माझे. साक्षीदार भरपूर आहेत. पुढे जे झालं ते या शब्दांनंतर झालं, हे ते साक्षीदार मला भेटतील तिथं सांगत असतात.

निवड चाचणी शाळेच्या मैदानावर ठेवली. शिंप्याकडून मी मापाची टेप आणली. अमेरिकेत ड्राफ्टच्या आधी पोरांना एकत्र बोलावून उंची, हातांचा पसारा, उडी असं सगळं मोजतात. मीही वही आखली. नाव, वय, उंची, वजन, पसरलेल्या हातांचं माप, वडिलांचा धंदा. शेवटचा रकाना सवयीनं पडला.

पोरं आली आणि त्यांत तो आला. अकरावीतला, सहा फूट दोन इंच. हात पसरवल्यावर टेप कमी पडली, शिंप्याची टेप पाच फुटांचीच असते. मला मध्ये बोट धरून पुन्हा मोजावं लागलं. सहा फूट पाच! पोरं त्याला टॉवर म्हणत. त्याची आणि कबड्डीची ओळख नव्हती. त्यानं मला अतिशय नम्रपणे विचारलं, “काका, ह्याच्यात पडावं लागतं का?”

त्या प्रश्नात सगळं आलं होतं. मला त्यात फक्त विनय दिसला. आमच्याकडे चढाई करणारी दोन पोरं होती, कोपरा मोकळा होता, आणि एवढ्या लांब हातांचा माणूस कोपऱ्यात उभा केला की चढाई करणाऱ्याला मैदान अपुरं पडेल असा माझा हिशेब. थोडक्यात, सॅम बोवी. वहीत त्याच्या नावापुढे मी लिहिलं: ‘वाव आहे.’ पतसंस्थेत कर्जाच्या प्रकरणावर मी हाच शेरा मारायचो, ‘व्यवसायास वाव आहे’. पुढे माझी बदली वसुली विभागात झाली तेव्हा त्यातली बरीच प्रकरणं मला पुन्हा भेटली.

त्याच चाचणीला एक बारक्या आला होता. दुधाचे कॅन सायकलला लावून, डेअरीवर दूध घालून उशिरा. माझी टॉवरची मापं घेणं चालू होतं, तर हा पठ्ठ्या बसला खाली आणि गंमत म्हणून त्यानं टॉवरचा घोटा धरला. टॉवरनं पाय झटकला, सुटला नाही. ओढला, तर बारक्या पोटावर घसरत दहा हात फरफटत गेला. कोपरं सोलली, सदऱ्याची बटणं गेली, पण पकड सुटली नाही. शेवटी टॉवर बसला. बारक्या उठला, कोपराला माती चोळली आणि दुसऱ्याच्या पायाकडे बघायला लागला. मी ओरडलो, “ए, मापं घेऊ दे ना! चाचणी चालूय इथं!”

चाचणी खरं तर तेवढी पाच मिनिटंच झाली होती, आणि मी ती बंद पाडली. वहीत लिहिलं: ‘उंची कमी. शिस्त नाही.’

तात्या कडेला कठड्यावर बसून होते. ते म्हणाले, “भाऊसाहेब, त्या दूधवाल्याला घ्या.” मी त्यांना हातांच्या पसाऱ्याचं महत्त्व समजावून सांगितलं. ते ऐकून घेत होते. जुन्या माणसांची ही एक खोड असते, ऐकून घेतात.

निवड झाली, आता विकास. जत्रेत आम्ही ६५ किलोच्या वजनी गटात खेळणार होतो. टॉवर निवडीच्या वेळी ६१ किलोचा, अंगावर मांस असं नाहीच. मी त्याचा खुराक माझ्याकडे घेतला. सकाळी अंडी, दुपारी शेंगदाणे-गुळाचे लाडू, रात्री म्हशीचं दूध. लाडू आमच्या घरून. बायको डबे भरता भरता एकदा म्हणाली, “पोटच्या पोराला कधी एवढे करायला सांगितले नाहीत.” मी म्हटलं, ही गुंतवणूक आहे. ती म्हणाली, “तुमच्या गुंतवणुकी मला माहीत आहेत,” आणि झाकण जरा जोरातच लावलं.

दुसरा घोटाळा मी नामांकित खेळाडू आणून केला. नुसत्या पोरांवर संघ उभा राहत नाही, एक जाणता पाहिजे, असं मीच ठरवलं. स्पर्धेच्या नियमात बाहेरचे दोन चालत होते. पुण्याकडचा एक नावाजलेला चढाईपटू ठरवला. पैसे आगाऊ, शिवाय मटण. त्यानं पाटावर बसून तीन वाट्या रस्सा घेतला तेव्हा मला त्याच्या खेळाबद्दल फार विश्वास वाटला.

आता काट्याबद्दल. वजनाला सगळे संघ संध्याकाळी ग्रामपंचायतीसमोर. पोरं बनियन-चड्डीवर रांगेत, अंगावर शहारे. आमची पोरं एकेक पास होत गेली. टॉवर काट्यावर चढला. काटा हलला, थांबला. ६६ किलो ४०० ग्रॅम.

गुंतवणूक फळाला आली होती.

अर्धा तास मुदत मिळाली. आम्ही त्याला दोन स्वेटर आणि माझी कानटोपी घालून पाण्याच्या टाकीपर्यंत पळवला, परत आणला, पुन्हा पळवला. कोणी त्याला थुंकायला सांगत होतं. न्हाव्याला बोलावून डोक्याचे केस काढले. कमरेचा करदोटा सोडला. हातातला गंडा त्याच्या आईनं सोडू दिला नाही. पुन्हा चढवला: ६५ किलो ३०० ग्रॅम. मी पंचांना विनंती केली की तीनशे ग्रॅम म्हणजे काय हो, पोराकडे बघा तरी.

मागून तात्यांचा आवाज आला, “भाऊसाहेब, काट्यात वाव न्हाई.”

टॉवर बाद. खरं सांगायचं तर सगळ्यांत जास्त आनंद त्यालाच झाला. टक्कल घेऊन तो पहिल्या रांगेत बसला आणि सगळा सामना मनापासून बघितला. त्याला त्या दिवशी पहिल्यांदाच पोटभर जेवायला कोणी आग्रह केला नाही.

सामना सुरू झाला. आमच्या नामांकितानं पहिल्याच चढाईत बोनस घ्यायला पाय टाकला आणि मांडी धरून खाली बसला. स्नायू गेला. पुढचा सगळा वेळ तो गोळेवाल्याकडून आणलेला बर्फ मांडीला लावून खुर्चीत बसून होता, आणि बर्फाचे पैसे गोळेवाला माझ्याकडे मागत होता. तेवढ्यात समोरच्या गावानं बदली खेळाडू उतरवला. कोपरांवर जुन्या खपल्या, बुटका. बारक्या! त्याचं आजोळ त्या गावात. मी नाकारल्यावर मामानं त्याला तिकडं नेलं होतं. आमच्या कर्णधारानं उजव्या कोपऱ्याकडे पाय टाकला, आणि तो पाय पुन्हा आमच्याकडे काही आला नाही. पुढच्या चढाईत दुसऱ्याचा घोटा. समालोचक आनंदानं ओरडत होता, “अव्वल पकड! आणि हा मुलगा, मंडळी, शेजारच्याच गावाचा बरं का!” लोकांनी वळून मला बघितलं. कुणी तरी माझ्या हातातली वही मागितली. मी दिली नाही.

किती लोण बसले ते मी इथं लिहीत नाही. पाणीपुरवठा योजनेची माहिती मात्र यंदा अधिक सविस्तर होती.

रात्री भाच्याला फोन केला. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “मामा, तू फक्त जॉर्डनचं प्रकरण वाचलंस वाटतं. निकोला योकिच २०१४ ला ४१ व्या नंबरावर गेला. त्याचं नाव पुकारलं तेव्हा टीव्हीवर जाहिरात चालू होती. पुढे तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू झाला. आणि आमच्या डॅलसनं २०१५ ला ५२ व्या नंबरावर पंजाबचा सतनाम सिंग घेतला, सात फूट दोन इंच. भारतात जन्मलेला पहिलाच. एनबीएच्या मुख्य हंगामात एकही सामना खेळला नाही.” मी म्हटलं, हे आधी सांगायचं होतंस. तो म्हणाला, “तू विचारलं कधी? तू मला अंड्यांमधली प्रथिनं विचारत होतास.”

आणि एवढ्या लांब अमेरिकेला जायची गरजच काय होती? शास्त्र पाहिजे होतं तर आपल्या पुण्यात पडलेलं होतं. प्रो कबड्डी २०१४ ला सुरू झाली तेव्हा पुणेरी पलटण पहिल्या दोन्ही हंगामांत तळाला. नंतर मोठी नावं आणून पाहिली. आठव्या हंगामात, म्हणजे २०२१ च्या डिसेंबरपासून बंगळुरूला प्रेक्षकांविना झालेल्या हंगामात, त्यांच्याकडे राहुल चौधरी आणि नितीन तोमर होते. पण प्रत्यक्षात चढायांचा भार पडला तो दोन नव्या पोरांवर. एक हरियाणाचा मोहित गोयत. दुसरा अस्लम इनामदार. तो आपल्या नगर जिल्ह्याचा, आताच्या अहिल्यानगरचा. हे दोघं लिलावात कोटींना घेतलेले नव्हते. नव्या तरुण खेळाडूंसाठी जी वेगळी योजना आहे, तिच्यातून आलेले होते. पलटणनं त्यांना धरून ठेवलं, हे खरं काम. २०२२ ला अंतिम सामन्यात जयपूरकडून चार गुणांनी हरले, तरी पोरं मोडली नाहीत. अस्लमकडे कप्तानी आली. त्या पोरांच्या भोवती इराणचा शादलुई २ कोटी ३५ लाखांना आणला. आधी घर, मग झुंबर. १ मार्च २०२४ ला हैदराबादला हरियाणा स्टीलर्सला २८-२५ हरवून पलटण पहिल्यांदा विजेती झाली आणि हंगामाचा सर्वांत मोलाचा खेळाडू ठरला अस्लम. पुढच्या हंगामात त्याचा गुडघा गेला आणि संघ बाद फेरीच्या बाहेर राहिला, तेही सांगितलं पाहिजे. पण २०२५ ला पलटण पुन्हा अंतिम सामन्यात होती. दबंग दिल्लीकडून तीन गुणांनी हरली.

उलट झुंबर आधी घेणाऱ्यांचं काय झालं? पवन सेहरावत हा या खेळातला फार मोठा चढाईपटू, त्याबद्दल वाद नाही. २०२२ ला तमिळ थलैवाजनी त्याला २ कोटी २६ लाखांना घेतला. पहिल्याच सामन्यात जखमी होऊन तो हंगामाला मुकला. पुढच्या लिलावात तेलुगू टायटन्सनी २ कोटी ६० लाख ५० हजार मोजले. पवन चांगला खेळला. संघ शेवटचा आला. हे वाचल्यावर माझ्या तीन वाट्या रश्शाचं दुःख जरा हलकं झालं.

आपल्या जिल्ह्याचं आणखी एक आहे. इथं पोरांची कमतरता कधीच नव्हती, होती ती बघणाऱ्यांची. श्रीरामपूरचा झहीर खान मुंबईला गेला म्हणून क्रिकेटला दिसला. अजिंक्य रहाणे संगमनेर तालुक्यातल्या आश्वीचा, पण वाढला डोंबिवलीत. इथंच राहिलेल्यांना कोण टेप लावणार? माझ्यासारखे. म्हणजे प्रश्नच मिटला.

यंदा निवड समिती बदलली. तात्या एकटेच समिती. त्यांच्याकडे टेप नाही, वही नाही. ते पोरांना मातीत उतरवतात, धरून पाडायला सांगतात आणि कठड्यावरून फक्त एवढंच बघतात की पडलेलं पोरगं उठून पुन्हा कधी चढाईला जातं. लगेच जाणारं ठेवतात. पंचांकडे, आईकडे किंवा मोबाइलकडे बघणाऱ्याला म्हणतात, “तू पुढल्या आठवड्यात ये, बाळा.” सोळाच्या आतली दहा-बारा पोरं धरलीत आणि तीन वर्षं जत्रेत मोठ्या गटात उतरवणार नाहीत म्हणाले. गावाला ते पटलेलं नाही. मला पटलंय, पण माझ्या पाठिंब्यामुळे त्यांचं नुकसान होईल म्हणून मी गप्प आहे. बारक्याच्या मामाकडे तात्या स्वतः जाऊन आले. मामानं चहा पाजला, पोरगं दिलं नाही.

टॉवर आता शाळेत व्हॉलीबॉल खेळतो. त्यात पडावं लागत नाही, असं त्याला कोणी तरी सांगितलंय.

मला वेगळं काम मिळालंय. पोरं मातीत शिकतात आणि वरच्या स्पर्धा मॅटवर असतात. पहिल्यांदा मॅटवर गेलं की पाय धरत नाही आणि गुडघ्याची कातडी जाते. पुरुषांचं पूर्ण मैदान १३ बाय १० मीटरचं, तेवढी मॅट गावात आणायची आहे. वर्गणी गोळा करणं माझ्याकडे, वसुलीचा अनुभव आहे म्हणून. पुण्या-मुंबईला, चाकणला, सुप्याला असलेल्या गावकऱ्यांनी आणि ज्यांना आमची कीव आली असेल अशा वाचकांनीही जत्रेच्या आत हातभार लावावा. पावती मिळेल. मॅट कुठली घ्यायची ते तात्या ठरवणार आहेत आणि पैसेही त्यांच्याकडेच राहणार आहेत, तेव्हा निश्चिंत असावं.